विक्रीसाठी घर तयार करताना: पहिल्या दुरुस्तीपासून पाहणीच्या दिवसापर्यंत

घर पाहायला आलेला खरेदीदार एकाच वेळी दोन गोष्टी करत असतो. एकीकडे तो त्या खोल्यांमध्ये आपली माणसे, आपले सामान आणि आपला दिनक्रम बसवून पाहत असतो, आणि दुसरीकडे आपली फसगत तर होत नाही ना, याचा अंदाज घेत असतो. स्वयंपाकघरातला नळ टपकत असेल तर तो दुरुस्त करायला फारसा वेळ लागत नाही, हे त्यालाही ठाऊक असते. तरीही त्याच्या मनात वेगळाच हिशेब सुरू होतो: जे डोळ्यांना दिसते तेच दुर्लक्षित असेल, तर भिंतीआडचे नळ आणि छपराखालची अवस्था काय असेल? पुढे भाव करताना तो नळाच्या दुरुस्तीचा खर्च वजा करत नाही, त्या शंकेची किंमत वजा करतो.

म्हणून घर विक्रीसाठी तयार करण्याचे काम दोन टप्प्यांत विभागावे. आधी शंकेचे कारण दूर करायचे आणि मग खरेदीदाराच्या कल्पनेला मोकळी जागा करून द्यायची. बहुतेक घरमालक दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करतात. नवे पडदे येतात, उशांचे अभ्रे बदलतात, आणि कोपऱ्यातली ओल मात्र कपाटामागे तशीच राहते. या लेखातला क्रम त्याच्या उलट आहे आणि तो पाळण्याचा माझा आग्रह आहे.

कामांचा क्रम आणि लागणारा वेळ

घर पाहणीसाठी खुले करण्याच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी काम सुरू करावे. हा अवधी जास्त वाटेल, पण त्यातला बराचसा वेळ भिंती वाळण्यात जातो. सिमेंटचा नवा गिलावा केल्यावर रंग देण्यापूर्वी साधारण चार आठवडे थांबणे योग्य असते. घाई केल्यास आतले पाणी आणि क्षार बाहेर येऊ लागतात आणि नवा रंग फुगून त्याचे पोपडे सुटतात.

प्रथम गळती आणि ओल, मग नळांची व विजेची कामे, त्यानंतर गिलावा आणि सुतारकाम, मग रंग, मग फरशीची दुरुस्ती किंवा घासाई, त्यानंतर सखोल सफाई, मग मांडणी आणि सर्वांत शेवटी छायाचित्रे, असा क्रम ठेवावा. धूळ उडवणारे प्रत्येक काम सफाईच्या आधी आणि भिंत फोडावी लागणारे प्रत्येक काम रंगाच्या आधी उरकलेले असावे, एवढे पाळले तरी दुहेरी खर्च टळतो.

परक्याच्या नजरेने एक फेरी

ज्या घरात आपण राहतो त्यातले दोष आपल्याला दिसेनासे होतात. दरवाजा थोडा उचलून लावावा लागतो, हे हाताला सवयीचे झालेले असते. म्हणून वही घेऊन घराबाहेरून सुरुवात करावी आणि पाहुणा ज्या वाटेने येईल त्याच वाटेने आत यावे. प्रत्येक दार उघडून बंद करावे, प्रत्येक खिडकी सरकवून पाहावी, प्रत्येक नळ पूर्ण सोडावा, प्रत्येक दिव्याचे बटण दाबावे. प्रत्येक खोलीचा उंबरठ्यावरून एक फोटो काढून तो नंतर निवांतपणे पाहावा; सवयीमुळे डोळ्यांनी गाळलेल्या लोंबणाऱ्या वायरी, भिंतीवरचे हातांचे डाग आणि कपाटावर रचलेली खोकी फोटोत लगेच खुपतात. शक्य असल्यास ही फेरी सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा मारावी आणि स्पष्ट बोलणाऱ्या, पण घरी फारशा न आलेल्या एखाद्या व्यक्तीलाही घर दाखवावे.

हाती आलेल्या यादीतील सगळीच कामे करायची नसतात. पाणी, वीज, आगीचा धोका आणि बांधकामाची मजबुती यांच्याशी संबंधित कामे अपरिहार्य मानावीत. जी कामे स्वस्त आहेत आणि ठळकपणे दिसतात, ती करून टाकावीत. संपूर्ण स्वयंपाकघर किंवा स्नानगृह नव्याने बांधण्यासारखी मोठी कामे मात्र विक्रीच्या तोंडावर सहसा काढू नयेत. तुमच्या आवडीने निवडलेल्या फरशा नव्या मालकाला आवडतीलच असे नाही, आणि ज्याला ते सारे काढूनच टाकायचे आहे तो त्यासाठी एक पैसाही जास्त देणार नाही.

ओल: सर्वांत आधी आणि सर्वांत गांभीर्याने

खरेदीदाराला ओलीइतके दुसरे काही घाबरवत नाही, आणि त्याचे घाबरणे रास्तच असते. ओलीवर नुसता रंग मारणे हा तर सर्वांत वाईट उपाय आहे. कारण कायम असेल तर डाग काही आठवड्यांतच पुन्हा उमटतो, आणि बाकी सगळ्या भिंती जुन्या असताना एकाच भिंतीवर ताजा रंग दिसला की जाणत्या माणसाची नजर नेमकी तिथेच जाते.

आधी ओलीचा प्रकार ओळखावा. जमिनीलगत साधारण एक मीटर उंचीपर्यंत चढलेली आणि वरच्या कडेला पांढऱ्या क्षारांची रेघ असलेली ओल बहुधा पायातून वर शोषली जात असते. खिडकीच्या कोपऱ्यात किंवा छताजवळ दिसणारी आणि पावसानंतर वाढणारी ओल बाहेरच्या भेगांमधून, गच्चीतून किंवा पन्हळीतून झिरपत असते. स्नानगृहाच्या पलीकडच्या भिंतीवर बारमाही दिसणारा डाग नळाची किंवा सांध्यांची गळती सुचवतो. कपाटामागे, गादीमागे किंवा कोंदट कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांची बुरशी येत असेल, तर खोलीतलीच वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन साचत असण्याची शक्यता जास्त असते.

शेवटचे दोन प्रकार वेगळे करण्याची एक सोपी चाचणी आहे. भिंतीचा डाग पडलेला भाग कोरडा पुसून त्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पन्नीचा (फॉइलचा) सुमारे 30 सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून लावावा आणि दोन दिवसांनी काढावा. पाण्याचे थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे. पहिल्या स्थितीत गळती शोधून बंद करावी लागते. दुसऱ्या स्थितीत वायुविजन सुधारणे, हवा बाहेर फेकणारा पंखा बसवणे आणि सामान भिंतीपासून काही सेंटिमीटर दूर सरकवणे बऱ्याचदा पुरेसे ठरते.

कारण दूर झाल्यावर भिंत पूर्ण वाळू द्यावी, सुटलेला गिलावा खरवडून काढावा, क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत आणि त्यानंतरच प्रायमर, लांबी (पुट्टी) आणि रंग हा क्रम धरावा. केलेल्या दुरुस्तीची पावती आणि कामाआधीचे व नंतरचे फोटो जपून ठेवावेत. ‘इथे ओल होती, कारण हे होते आणि काम हे केले’, असे कागद दाखवून सांगणारा विक्रेता खरेदीदाराचा विश्वास मिळवतो. दोष झाकणे अनेक ठिकाणी कायद्याच्या दृष्टीनेही अंगाशी येऊ शकते. पण तो धोका नसता तरीही, ज्या घरात दुसरे कुटुंब राहायला येणार आहे तिथे गळती रंगाखाली दडवणे गैरच आहे.

लहान दुरुस्त्या

या कामांसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. करकरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल द्यावे, सैल मुठींचे स्क्रू आवळावेत, न लागणाऱ्या कड्या सरळ कराव्यात, बंद पडलेले दिवे बदलावेत, तडकलेली बटणे विजेच्या जाणकाराकडून बदलून घ्यावीत आणि खिळ्यांची भोके लांबीने बुजवावीत. मुख्य दाराचे कुलूप विनासायास उघडलेच पाहिजे. कुलपाशी झटापट चालू असताना पाहुणा बाहेर ताटकळतो आणि त्या वेळात दाराची चौकट, वरची जळमटे आणि घंटेचे पिवळे पडलेले बटण निरखून घेतो.

स्नानगृहात फरशांच्या सांध्यांतले काळे पडलेले ग्राउट खरवडून नव्याने भरले आणि बेसिनच्या कडेचे जुने सिलिकॉन काढून नवे लावले, तर फरशा न बदलताही खोली कित्येक वर्षांनी तरुण दिसते. सिलिकॉन मात्र कोरड्या आणि स्वच्छ पृष्ठभागावरच धरते आणि ते लावल्यावर साधारण 24 तास त्यावर पाणी पडू देऊ नये.

पसारा आवरणे

घर रिकामे करण्याचे काम भावनिकदृष्ट्या सर्वांत अवघड असते, हे मान्य करूनच ते हाती घ्यावे. तुम्ही स्थलांतर करणारच आहात, त्यामुळे नको असलेल्या वस्तू आता काढल्या तर बांधाबांधीचे निम्मे काम आधीच होते. ठेवायचे, द्यायचे आणि टाकायचे असे तीन ढीग करावेत. ठेवायच्या ढिगापैकी पुढच्या दोन-तीन महिन्यांत लागणार नाही ते खोक्यांत भरून घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे किंवा भाड्याच्या साठवणुकीच्या जागेत हलवावे. ही खोकी गॅलरीत किंवा माळ्यावर रचून ठेवल्यास सगळा खटाटोप वाया जातो, कारण खरेदीदार माळाही उघडून पाहतो.

कपाटे आणि फडताळे तो हमखास उघडतो, आणि त्यात गैर काही नाही. अंगभूत कपाटे हा तो विकत घेत असलेल्या जागेचाच भाग असतो. गच्च भरलेले कपाट ‘इथे जागा अपुरी पडते’ असे सांगते. म्हणून प्रत्येक कपाटाचा किमान एक तृतीयांश भाग रिकामा असावा आणि तळ दिसावा.

कुटुंबाचे फोटो, मुलांची पदके, व्यक्तिगत संग्रह आणि फ्रिजच्या दारावरचे कागद काढून ठेवावेत. ज्या भिंतीवरून दुसऱ्याचे कुटुंब आपल्याकडे पाहत आहे, तिथे स्वतःचे घर कल्पिणे कठीण जाते. मात्र सारे काही काढून घर निर्जीवही करू नये. एखादे निसर्गचित्र, थोडी पुस्तके, एखादे टवटवीत झाड असू द्यावे.

सफाई आणि वास

सफाई नेहमी वरून खाली करावी: आधी छत आणि पंखे, मग भिंती, खिडक्या, फर्निचर आणि शेवटी फरशी. खिडक्यांच्या काचा दोन्ही बाजूंनी पुसाव्यात, कारण धुळकट काच खोलीतला प्रकाशच कमी करते. नळांवरचे पांढरे क्षार विरळ केलेल्या व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने निघतात. पण हेच आम्ल संगमरवरावर किंवा चुनखडीच्या दगडावर चुकूनही वापरू नये. त्या दगडातले कॅल्शियम कार्बोनेट आम्लाने झिजते आणि चकाकी कायमची जाते. ब्लीच कधीही ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या द्रावणात मिसळू नये. त्यातून विषारी वायू तयार होतात आणि बंद स्नानगृहात ते जिवावर बेतू शकतात.

वासाकडे मी वेगळे लक्ष वेधू इच्छितो. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, कारण नाक सततच्या वासाला काही मिनिटांतच सरावते. पाहुण्याला मात्र दार उघडताच तो जाणवतो. तंबाखूचा धूर, पाळीव प्राणी, ओलसर कपडे आणि तळणीचा वास पडदे, गाद्या आणि गालिचे शोषून घेतात. ते धुतल्याशिवाय किंवा घराबाहेर हलवल्याशिवाय वास जात नाही. न वापरल्या जाणाऱ्या स्नानगृहातून गटाराचा वास येत असेल तर बहुधा जमिनीतल्या जाळीखालच्या वळणातले पाणी आटलेले असते. हे पाणीच गटारातली हवा अडवत असते. तिथे तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो, आणि घर बराच काळ बंद राहणार असेल तर वर थोडे खाद्यतेल सोडल्यास बाष्पीभवन मंदावते. उग्र सुगंधी फवारे टाळावेत. इथे काय दडवले आहे, असाच प्रश्न त्यांनी पडतो. पाहणीआधी अर्धा तास समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळू देणे हाच उत्तम उपाय आहे.

रंग

सगळे घर रंगवणे परवडत नसेल तर प्रवेशाची जागा, बैठकीची खोली आणि जिथे गडद किंवा भडक रंग आहे ती खोली एवढे तरी रंगवावे. फिक्या, किंचित उबदार छटा प्रकाश जास्त परावर्तित करतात आणि बहुतेकांच्या सामानाशी जुळतात. अगदी पांढराशुभ्र रंग उत्तरेकडच्या किंवा कमी उजेडाच्या खोलीत करडा आणि थंड भासू शकतो, म्हणून निवडलेल्या छटेचा मोठा ठिपका भिंतीवर लावून तो दिवसा आणि रात्री दिव्यात पाहावा. छताला भिंतीपेक्षा फिका रंग दिल्यास खोली उंच वाटते. भिंती ओबडधोबड असतील तर चमकदार रंग टाळावा, कारण तिरपा उजेड पडताच तो प्रत्येक उंचवटा दाखवतो.

प्रकाश

जड पडदे काढून हलके लावावेत. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना 15 ते 20 सेंटिमीटर लांब आणि शक्य तितकी छताजवळ बसवावी, म्हणजे पडदे सारल्यावर काच पूर्ण मोकळी होते आणि खिडकी मोठी वाटते. खिडकीसमोरचे उंच कपाट दुसऱ्या भिंतीकडे न्यावे. आरसा खिडकीच्या समोर किंवा लगतच्या भिंतीवर लावला तर उजेड आत खोलवर पोहोचतो. पण आरशात काय दिसते तेही पाहावे, कारण संडासाचे दार दाखवणारा आरसा नसलेला बरा.

एका खोलीत एक दिवा पिवळसर आणि दुसरा निळसर पांढरा असा प्रकार अनेक घरांत आढळतो आणि त्याने खोली अस्वस्थ वाटते. बैठक आणि शयनगृहात 2700 ते 3000 केल्विनचे, तर स्वयंपाकघरातल्या कामाच्या ओट्यावर 4000 केल्विनच्या आसपासचे दिवे चांगले दिसतात. केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप आहे; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. हा आकडा दिव्याच्या वेष्टनावर छापलेला असतो. छताच्या एकाच दिव्यावर न विसंबता कोपऱ्यात एखादा उभा किंवा टेबलावरचा दिवा ठेवल्यास काळोखे कोपरे उजळतात आणि खोली आत किती लांब आहे ते समजते.

मांडणी

प्रत्येक खोलीचा एकच उपयोग पाहताक्षणी कळला पाहिजे. शयनगृहात इस्त्रीचे टेबल, व्यायामाचे यंत्र आणि संगणक एकत्र कोंबलेले असतील, तर खरेदीदाराला खोली लहान आहे एवढेच कळते. लहान चौथी खोली अडगळीची न ठेवता तिथे टेबल-खुर्ची मांडून अभ्यासिका दाखवावी. माझ्या मते संपूर्ण मांडणीत हीच गोष्ट सर्वाधिक परिणाम करते.

दारातून उभे राहिल्यावर दूरच्या भिंतीपर्यंत किंवा खिडकीपर्यंत नजर अडू नये, म्हणून सोफ्याची पाठ दाराकडे नसावी. चालण्याच्या मुख्य वाटा 75 ते 90 सेंटिमीटर मोकळ्या असाव्यात. सगळे फर्निचर भिंतीला चिकटवून मध्ये रिकामे मैदान ठेवण्याची सवय सोडून द्यावी. मोठ्या खोलीत आसने थोडी पुढे ओढून एकमेकांसमोर आणली तर बसण्याची जागा म्हणून ती जमून येते. गालिचा इतका मोठा असावा की सोफ्याचे पुढचे पाय त्यावर यावेत, कारण मध्यभागी तरंगणारा लहान गालिचा खोलीला आणखी लहान करतो.

घर पूर्ण रिकामे असेल तर निदान बैठक आणि मुख्य शयनगृह भाड्याच्या किंवा उसन्या सामानाने मांडावे. रिकाम्या खोलीत नजरेला मोजमाप सापडत नाही, आपला पलंग इथे मावेल का याचा अंदाज येत नाही आणि फरशीवरचा प्रत्येक ओरखडा ठळक होतो. घरात भाडेकरू असतील तर त्यांच्या सोयीच्या वेळा विचारून, आधी सूचना देऊन आणि सफाईचा खर्च स्वतः उचलूनच तयारी करावी.

स्वयंपाकघराचा ओटा जवळजवळ मोकळा ठेवावा. स्नानगृहातून वापरातले ब्रश, साबणाचे तुकडे आणि बाटल्या कपाटात जाव्यात आणि स्वच्छ, एकरंगी टॉवेल टांगावेत.

छायाचित्रे

बहुतेक खरेदीदार घर आधी पडद्यावर पाहतात, म्हणून मांडणी पूर्ण झाल्याशिवाय फोटो काढू नयेत. खोलीत भरपूर पण थेट नसलेला उजेड येतो ती वेळ निवडावी. कॅमेरा तिपाईवर, जमिनीपासून सुमारे 1.2 ते 1.4 मीटर उंचीवर आणि अगदी समपातळीत असावा. तो वर किंवा खाली झुकला की भिंतींच्या उभ्या रेषा तिरप्या होतात आणि घरच कलल्यासारखे दिसते. कोपऱ्यातून किंवा दारातून काढलेल्या फोटोत दोन भिंती आल्या तर खोलीचा आकार समजतो. फोनमधल्या 0.5 खुणेच्या अतिरुंद लेन्सचा मोह आवरावा. ती कडेच्या वस्तू ताणते आणि खोली अवास्तव मोठी दाखवते. प्रत्यक्ष आलेल्या माणसाची मग पहिल्याच पावलाला निराशा होते. संगणकावर फर्निचर चढवलेले चित्र वापरायचे असेल तर तसे स्पष्ट लिहावे, आणि भिंतीवरची भेग किंवा खिडकीबाहेरची तार पुसून टाकू नये.

पाहणीचा दिवस आणि त्यानंतर

दागिने, रोकड, औषधे, बँकेचे कागद आणि जादा किल्ल्या आदल्या दिवशीच कुलपात किंवा घराबाहेर हलवाव्यात. पाळीव प्राणी दुसरीकडे पाठवावेत. सर्व आतली दारे उघडी, पडदे सारलेले, दिवे लावलेले आणि दूरचित्रवाणी बंद असावी. शक्य असल्यास घर मध्यस्थाला दाखवू द्यावे. स्वतः दाखवायचे असल्यास दारात स्वागत करून मागे राहावे. मालक मागोमाग फिरत असेल तर माणसे आपसांत मोकळेपणाने बोलत नाहीत, आणि जिथे मोकळेपणाने बोलता येत नाही तिथे ती फार थांबतही नाहीत.

एक फाइल हाताशी ठेवावी. त्यात घराचा मापांसह नकाशा, दुरुस्त्यांच्या पावत्या, उपकरणांची हमीपत्रे, कर आणि वीज-पाण्याची अलीकडची बिले असावीत. प्रश्नाला कागदाने उत्तर मिळाले की घासाघीस लवकर मुद्द्यावर येते.

प्रत्येक पाहणीनंतर अभिप्राय लिहून ठेवावा. एखाद्याला रंग आवडला नाही तर ते सोडून द्यावे. पण तीन-चार वेगवेगळ्या लोकांनी तोच कोपरा अंधारा किंवा तीच खोली कोंदट म्हटली, तर पुढच्या पाहणीआधी तिथे काम करावे. घराबद्दल कुणाचीच तक्रार नसूनही कुणी पुढे येत नसेल, तर आणखी सजावटीवर खर्च न करता मागितलेली किंमत पुन्हा तपासावी.

आणि व्यवहाराची बोलणी सुरू होताच कोणत्या वस्तू घरासोबत राहणार आणि कोणत्या जाणार, याची लेखी यादी करावी. पंखे, दिवे, पडद्यांच्या दांड्या, पाणी तापवण्याचे यंत्र, अंगभूत कपाटे, आरसे आणि कुंड्या यांची नावे त्यात एकेक करून लिहावीत. मांडणीसाठी भाड्याने आणलेले सामानही त्यात वेगळे नोंदवावे, कारण खरेदीदाराने जे पाहून घर पसंत केले त्यातले काय त्याला मिळणार आहे हे सही होण्याआधी त्याला नेमके ठाऊक असायला हवे.